फळा एक, नजरा अनेक

सातवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर अगदी सारखी दोन वर्तुळे काढली. एकाभोवती मोठमोठी वर्तुळे, दुसऱ्याभोवती छोटी. मधले कोणते मोठे, असे विचारताच वर्ग ओरडला, “दुसरे!” मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र म्हणाला, “सर, दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात.” याने उत्तर आधीच कुठे तरी वाचले असणार, असे म्हणून आम्ही त्याला खाली बसवले. चूक आमची होती, हे पुढे वाचनात आले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 30 निरोगी माणसांना असेच दृष्टिभ्रम दाखवले. कोणाची नजर किती फसते ते मोजले आणि एमआरआय यंत्राने मेंदूही पाहिला. डोळ्यांतून आलेले चित्र डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या ज्या भागात प्रथम पोहोचते, तो भाग सर्वांचा सारखा नव्हता. काहींचा तर इतरांच्या तिप्पट होता! ज्यांचा लहान, त्यांची नजर जास्त फसली. हे संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून कोणी मुलांची हुशारी मात्र ठरवू नये. ती तिथे मोजलीच नव्हती.

2015 मधला तो पोशाख आठवतो? एकाच फोटोत काहींना निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. घराघरांत वाद झाले. पोशाख खरा निळा-काळाच होता. पण फोटोत उजेड कसला, हे नीट कळत नव्हते. मेंदू उजेडाचा अंदाज बांधतो आणि तेवढा रंग वजा करतो. सावली धरली तर एक उत्तर, पिवळा दिवा धरला तर दुसरे. ही वजाबाकी आपल्या नकळत होते. डोळ्याने आणलेली माहिती किती आणि मेंदूचा अंदाज किती, याचे गणित मांडून शास्त्रज्ञ आता माणसामाणसातला फरक शोधतात.

नुसता प्रकाश डोळ्यात शिरला म्हणजे पाहणे झाले असे नव्हे, त्यात मनाचा निवाडाही असतो, हे इब्नुल हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल मनाझिर’मध्ये लिहून ठेवले होते. आम्ही ते नाव उर्दूच्या पुस्तकात कितीदा शिकवले असेल!

आता वर्तुळे काढली की आम्ही वर्गाला ओरडू देत नाही. प्रत्येकाकडून चिठ्ठीवर उत्तर घेतो. गेल्या खेपेला पाच चिठ्ठ्यांवर लिहिले होते, ‘सारखीच.’