कर्करोगातील औषधरोध : गणितीय प्रतिमानांचा दृष्टिकोन

प्रस्तावना

कर्करोगाच्या उपचारात वारंवार येणारा अनुभव असा, की सुरुवातीला औषध चांगले लागू पडते, गाठ आक्रसते, रुग्ण व नातेवाईक आश्वस्त होतात. परंतु काही काळाने गाठ पुन्हा वाढू लागते आणि तेच औषध निष्प्रभ ठरते. यालाच औषधरोध असे म्हणतात. हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकशास्त्राचा वाटतो. तथापि, रोधक पेशी केव्हा निर्माण होतात आणि औषध किती व केव्हा द्यावे, हे त्यातील दोन मूलभूत प्रश्न नेमकेपणाने मांडण्यासाठी गणिताची मदत घ्यावी लागते. प्रस्तुत लेखात अशा काही गणितीय प्रतिमानांचा परिचय करून दिला आहे.

रोध आधी की औषध आधी?

औषधामुळे पेशी बदलतात, की बदललेल्या पेशी आधीपासूनच असतात आणि औषध त्यांची केवळ निवड करते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची पद्धत १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया व माक्स डेलब्रुक यांनी जीवाणूंवरील प्रयोगातून दिली. जीवाणूंची अनेक संवर्धने स्वतंत्रपणे वाढवून त्यांवर विषाणू सोडण्यात आले. रोध जर विषाणूच्या संपर्कामुळे निर्माण होत असेल, तर प्रत्येक संवर्धनातील रोधक जीवाणूंची संख्या साधारण सारखी असावी. संख्याशास्त्राच्या भाषेत, तिचा मध्य व प्रचरण जवळपास समान असावेत. प्रत्यक्षात बहुतेक संवर्धनांत रोधक जीवाणू नगण्य, तर मोजक्या संवर्धनांत प्रचंड संख्येने आढळले. ज्या संवर्धनात उत्परिवर्तन लवकर घडले, तेथे त्याची संतती मोठी झाली होती. म्हणजेच रोध आधीच अस्तित्वात होता. १९५२ मध्ये लॉइड लॉ यांनी हीच पद्धत उंदरांच्या रक्तकर्काच्या पेशींना लावली व तेथेही तसाच निष्कर्ष निघाला.

गोल्डी-कोल्डमन प्रतिमान

१९७९ मध्ये कॅनडातील जेम्स गोल्डी व अँड्र्यू कोल्डमन यांनी या विचाराला कर्करोगाच्या संदर्भात गणितीय रूप दिले. गाठीत एकही रोधक पेशी नसण्याची संभाव्यता उत्परिवर्तनाचा दर व पेशीसंख्या यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हा गुणाकार ऋण चिन्हासह 'ई' या संख्येचा घातांक म्हणून घेतला की ती संभाव्यता मिळते. एक उदाहरण घेऊ. उत्परिवर्तनाचा दर दहा लाख विभाजनांत एक मानला, तर एक लाख पेशींच्या गाठीत रोधक पेशी नसण्याची संभाव्यता सुमारे ९० टक्के येते. दहा लाख पेशींना ती ३७ टक्क्यांवर उतरते आणि एक कोटी पेशींना जवळजवळ शून्य होते. एक लाखापासून एक कोटीपर्यंत जाण्यास गाठीला सात दुपटींहूनही कमी वाढ पुरते. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत साधारणतः शंभर कोटी पेशी असतात असे मानले जाते. म्हणजेच गाठ हाताला लागेपर्यंत एका औषधापुरता डाव बहुधा हातचा गेलेला असतो. लवकर निदानाचे महत्त्व या आकड्यांतून जितके स्पष्ट होते तितके उपदेशातून होत नाही.

आता परस्परांपासून भिन्न मार्गांनी कार्य करणारी दोन औषधे एकत्र दिली तर? दोन्हींना रोध करण्यासाठी पेशीत दोन स्वतंत्र उत्परिवर्तने व्हावी लागतात. वरील दरानेच आणि पेशींचा मृत्यू गृहीत न धरता हिशेब केल्यास, शंभर कोटी पेशींच्या गाठीतही दुहेरी रोधक पेशी नसण्याची संभाव्यता ९५ टक्क्यांच्या वर राहते. क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र एकच उत्परिवर्तन दोन्ही औषधांना पुरून उरणारे असेल, तर हा लाभ नाहीसा होतो. औषधांची केवळ संख्या नव्हे, तर त्यांचे परस्पर-स्वातंत्र्य महत्त्वाचे ठरते.

अनुकूली उपचार

रोधक पेशी आधीच असतील व रोग समूळ नष्ट करणे शक्य नसेल, तर काय करावे? येथे परिसंस्थाशास्त्रातील लोटका-व्होल्टेरा स्पर्धा-समीकरणे उपयोगी पडतात. संवेदनशील व रोधक पेशी मर्यादित जागेसाठी व पोषणासाठी स्पर्धा करतात. तीव्र मात्रेने सर्व संवेदनशील पेशी मारल्या, तर रोधक पेशींना मोकळे रान मिळते. त्याऐवजी काही संवेदनशील पेशी राखल्या, तर त्याच रोधक पेशींना आवर घालू शकतात. रॉबर्ट गेटनबी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या 'अनुकूली उपचारा'ची मांडणी केली.

अमेरिकेतील फ्लोरिडामधील मॉफिट कर्करोग केंद्रात प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगावर तिचा प्रयोग झाला. रक्तातील पीएसएची पातळी मूळच्या निम्म्यावर आली की अबिराटेरोन थांबवायचे आणि ती मूळ पातळीवर परतली की पुन्हा सुरू करायचे, असा नियम होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ अनुकूली गटातील १७ रुग्णांत ३३.५ महिने, तर नेहमीचा उपचार घेणाऱ्या १६ रुग्णांत १४.३ महिने होता. तथापि, रुग्णसंख्या अल्प होती व गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती, हे विसरता कामा नये.

मर्यादा व समारोप

प्रतिमान हे वास्तवाचे सुलभ रूप असते. उत्परिवर्तनाशिवाय केवळ जनुकांच्या अभिव्यक्तीतील बदलानेही पेशी तात्पुरत्या रोधक होऊ शकतात. गाठीच्या सर्व भागांत औषध सारखे पोहोचत नाही. रोधक पेशी स्पर्धेत दुबळ्या असतात, हे गृहीतही प्रत्येक कर्करोगात खरे ठरेलच असे नाही. म्हणून अनुकूली उपचाराचा अर्थ रुग्णाने स्वतः औषध थांबवावे असा मुळीच नाही. तो काटेकोर मोजमापावर व तज्ज्ञांच्या देखरेखीवर उभा आहे.

सारांश, गोल्डी-कोल्डमन प्रतिमान लवकर व एकत्रित प्रहार सुचविते, तर अनुकूली प्रतिमान संयम सुचविते. हा विरोध वरवरचा आहे. रोग बरा होण्याजोगा असताना पहिले व तो केवळ आटोक्यात ठेवणे शक्य असताना दुसरे, अशी त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. घातांकी फलन व अवकल समीकरणे आपण पदवी वर्गात नेहमीच शिकवितो. गणित व जीवशास्त्र विभागांनी एकत्र येऊन ही उदाहरणे वर्गात नेली, तर 'याचा उपयोग काय?' या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला आपल्याकडे समाधानकारक उत्तर असेल.