हार-तुरे पुरे, आता हजेरीपट दाखवा!

कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, शहराचा कारभार प्रशासकांनीच पाहिला. आता नवे सभागृह आले आहे आणि महापालिकेच्या शाळांनाही नवे कारभारी मिळाले आहेत. सत्कार होत आहेत, शाली पडत आहेत, फोटो छापून येत आहेत. स्वागत आपणही करू. पण राजर्षी शाहूंच्या नगरीत शाळेच्या कारभाऱ्याचे स्वागत नुसत्या हारांनी होत नाही, हे त्यांना सांगणे आपले काम आहे.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सरसकट सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. पुढे मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत याच राजाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बहिष्कृतांचा पुढारी म्हणून जाहीर स्वागत केले. हे स्वागत मानाचे होते, तसेच ते जबाबदारी सोपवणारेही होते.

बाबासाहेबांनी ती जबाबदारी कशी पार पाडली? १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे हिशेब मांडला. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, मग बाकीची ब्याऐंशी कुठे जातात? शाळा किती काढल्या एवढे विचारून ते थांबले नाहीत, मूल शाळेत टिकले का, हे त्यांनी विचारले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांच्या हाती दिले गेले. त्याने अस्पृश्यांचे नुकसान होईल, असे त्यांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढील निवेदनात बजावले. कारण उघड होते. गावगाड्यावर ज्यांची सत्ता, त्यांच्याच हाती शाळेची किल्ली जाणार होती.

आजही ही किल्ली कोणाच्या हाती आहे, हाच प्रश्न आहे. ऐपतदाराचे मूल खासगी इंग्रजी शाळेत गेले. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली ती प्रामुख्याने कष्टकऱ्यांची, झोपडपट्टीतली, आपल्या वस्त्यांतली मुले. त्यामुळे शाळा बंद पडली तरी प्रस्थापितांच्या घरात कोणाची झोप उडत नाही. २०१७ मध्ये राज्य शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करायला घेतल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर त्याने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट मिळाली. म्हणजे गरिबांची मुले एकीकडे आणि श्रीमंतांची दुसरीकडे! १९१९ साली शाहूंनी मोडलेली भिंत पुन्हा उभी करण्याचाच हा प्रकार होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला, म्हणून निभावले.

सरकारी शाळा चालतच नाहीत, हा प्रचार खोटा आहे, याचा पुरावा कोल्हापुरातच आहे. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक आदल्या रात्रीपासून रांगा लावतात. मग एका शाळेला जमते ते वस्तीतल्या शाळेला का जमू नये?

म्हणून नव्या कारभाऱ्यांना भेटायला जाताना कार्यकर्त्यांनी पुष्पगुच्छाबरोबर प्रश्नांचा कागदही न्यावा. किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत? पहिलीत आलेल्यांपैकी किती मुले सातवीपर्यंत टिकली? मुलींसाठी पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का? शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का? वीटभट्टीवर आणि उसाच्या फडावर आलेल्या मुलांची नोंद कोण घेतो? उत्तर लेखी मागा.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणानुसार जागा असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीवर आपली कोणती बहीण बसते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? की नावापुरती सही घेऊन तिला घरी पाठवतात? जयंतीची वर्गणी गोळा करणारी मंडळे प्रत्येक वस्तीत आहेत. त्यातल्या दोघांनी महिन्यातून एकदा शाळेत जाऊन हजेरीपट पाहिला, तरी कारभारी कोणीही असो, त्याला मुलांचा हिशेब ठेवावाच लागेल.

नव्या नेतृत्वाचे स्वागत असो! त्यांनी खुर्चीवर जरूर बसावे, पण ती खुर्ची शाहूंच्या गावातली आहे, हे विसरू नये. ते विसरले तर आठवण करून द्यायला आपण आहोतच.

जय भीम!