पायवाट कुणाच्या मालकीची?

मुंबईकराच्या तक्रारींची यादी लांबलचक आहे. पण एका बाबतीत त्याच्यासारखे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. पहाटेच्या लोकलमध्ये खिडकी पकडावी, दोन-अडीच तासांनी डोंगराच्या पायथ्याशी उतरावे, दिवसभर चालावे आणि रात्री आपल्याच घरी वरणभात खावा. यासाठी ना रजा लागते, ना हॉटेलचे आरक्षण. मध्य रेल्वेवर कर्जत शंभर किलोमीटरवर, कसारा एकशे एकवीस किलोमीटरवर. आसनगावला उतरले की माहुलीचे सुळके समोर उभे. कर्जतहून टमटमने कोंदिवडे गाठले की कोंडाण्याची लेणी आणि तिथून वर राजमाचीची चढण. गर्दी नको असेल तर वसईला उतरून चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या किल्ल्याच्या तटावरून फिरावे.

ही सोय कुणी आपल्या सहलींसाठी केलेली नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, १८५६ साली खोपोलीला. १८६३ साली बोरघाट फोडून रेल्वे वर चढली, १८६५ साली थळघाट. हेतू व्यापाराचा होता. देशावरचा कापूस बंदरावर यावा, म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याला स्टेशने उभी राहिली आणि डोंगरातल्या जुन्या वाटा आपसूक त्या स्टेशनांशी जोडल्या गेल्या. गेली कित्येक वर्षे मी या वाटांवर चालतो आहे. त्यांतली माझी सर्वांत आवडती वाट भिवपुरी रोड स्टेशनापासून सुरू होते.

भिवपुरी रोड हे नेरळ आणि कर्जत यांच्या मधले स्टेशन. फलाटावर उतरताच माथेरानची भिंत दिसते. भातखाचरांच्या बांधांवरून, मग पाली-भुतिवलीच्या धरणाच्या बाजूने वाट वर चढते. सागाच्या वाडीतली घरे मागे पडली की गारबटचे पठार लागते. इथे बसावे. पूर्वेला पेठच्या किल्ल्याचा शंकू, त्याच्या मागे भीमाशंकरची रांग आणि खाली काडेपेटीएवढी लोकल. पठारावरून चढत माथेरानच्या गारबट पॉइंटला निघायचे आणि पलीकडे नेरळला उतरायचे. एका स्टेशनावरून निघून दुसऱ्या स्टेशनावर पोचणारी, मोटारीची गरजच नसलेली ही दिवसभराची चाल. दसऱ्यानंतर गवत पिवळे पडू लागते तेव्हा ती सर्वांत सुंदर.

या वाटेवर एकही पाटी नाही, तरी ती चुकत नाही; कारण ती वाचता येते. जिथे खडकाच्या कडा पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत, ती खरी वाट. जिथे नुसतेच शेण आहे आणि वाट झुडपात शिरून फुटते, ती गुरांची. चढाच्या वळणावर, ओझे टेकवता येईल अशा उंचीचा सपाट दगड असतो. खिंडीत शेंदूर फासलेला देव असतो. हे सगळे आपल्यासाठी नाही. ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बायका करवंदे-जांभळांच्या पाट्या, भाजी, लाकडाच्या मोळ्या घेऊन याच वाटांनी माथेरानच्या नाहीतर स्टेशनाजवळच्या बाजाराला गेल्या आहेत. माथेरानचा ‘शोध’ १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असे आपण शाळेत शिकलो. मॅलेटसाहेब चौक गावाहून वर चढले, हे खरे. पण ते चढले ती वाट आधीपासून होतीच. डोंगराखालच्या माणसांनी ती पाडलेली होती.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत जे दिसते आहे ते अस्वस्थ करते. कर्जत-नेरळच्या परिसरात एका वाटेने चढताना भारा घेऊन उतरणाऱ्या बाईंना मी विचारले, “मावशी, वर जायची वाट हीच ना?”

“हीच व्हती. आता पुढं तार घातलीय. वढ्याकडनं जा,” त्या म्हणाल्या.

पुढे खरोखरच काटेरी तार होती, लोखंडी फाटक होते आणि आत हिरवळीवर पाण्याचे फवारे उडत होते. मला ओढ्याकडून वळसा पडला तो वीस मिनिटांचा, आणि वर्षातून एकदा. मावशींना तो रोज, डोक्यावर भारा घेऊन.

फार्महाऊस बांधणाऱ्याने जमीन रीतसर विकत घेतलेली असते. पण जमिनीबरोबर तिच्यावरून जाणारी वाटही विकली जाते काय? कायदा तसे म्हणत नाही. गावनकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवण्याची पद्धत आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तो मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. मात्र तक्रार अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याची वाट मिळवून देते. पण रोजची मजुरी बुडवून सहा महिन्यांत तहसील कचेरीच्या पायऱ्या चढायच्या कुणी? आणि नकाशावर रेषाच नसलेल्या डोंगरवाटेची वहिवाट सिद्ध करायची कशी?

इंग्लंडमध्ये हाच झगडा वेगळ्या रीतीने झाला. १९३२ साली मँचेस्टर परिसरातले कामगार तरुण, शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम घुसले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटांची नोंद करून अधिकृत नकाशे बनवण्याचे काम तिथल्या कौंटी कौन्सिलांवर टाकले. नकाशावर एकदा आलेली वाट मालक बदलला म्हणून नाहीशी होत नाही. आपल्याकडे वाट टिकते ती केवळ लोक तिच्यावरून चालतात म्हणून. दोन पावसाळे कुणी फिरकले नाही की कारवी आणि घाणेरी तिला गिळते, आणि मग ‘इथे वाट कधी नव्हतीच’ असे म्हणायला मोकळीक मिळते.

आपणही या वाटांचे फार भले केलेले नाही. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यांवर जो धुडगूस चालतो, बाटल्यांचा जो खच पडतो, त्यातून अपघात होतात आणि मग बंदीचे हुकूम निघतात. आपल्याला नाचायला जागा हवी असते. वाट कुणाची, ती कुठून कुठे जाते, याच्याशी देणेघेणे नसते. डोंगरात जाणाऱ्यांत हजारो शिकलेली माणसे असतात: वकील, सर्व्हेअर, शिक्षक, पत्रकार. त्यांनी मनावर घेतले, तर स्टेशनापासून निघणाऱ्या वाटा वाडीतल्या माणसांना बरोबर घेऊन टिपून काढता येतील, गावनकाशाशी ताडून पाहता येतील, आणि नवी तार दिसली तर सहा महिने उलटण्याच्या आत ग्रामपंचायतीला आणि तहसीलदाराला कळवता येईल. हे काम किल्ल्यावर झेंडा लावण्याइतके आकर्षक नाही. पण जास्त उपयोगाचे आहे.

वाट विचारून चालणाऱ्याला वाटेचे काही देणे लागते. वाडीतल्या माणसाने आजवर आपल्याला वाट दाखवली आणि एक पैसा मागितला नाही. त्याचीच वाट बंद होत असताना आपण ओढ्याकडून वळसा घालून पुढे जायचे की थांबून फाटकाची कडी वाजवायची, हे आपल्याला ठरवायचे आहे.