वातीच्या पाण्यावर घरांतील झाडें

मुलांच्या शिक्षणासाठीं ज्या वाचकांनीं तालुक्याच्या गांवीं बिऱ्हाड केलें आहे, त्यांच्या खिडकींत चार-दोन शोभेचीं झाडें हटकून असतात. आणि पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत घरास पंधरा दिवस कुलूप लागलें कीं तीं हटकून वाळतात. एकरांनीं ऊस जगविणाऱ्यास एक कुंडी जगवितां येऊं नये याची आम्हांस लाज वाटली, म्हणून पुढील युक्ति आम्हीं घरीं करून पाहिली. तींत पंप नाहीं, माती नाहीं व रोजचें पाणी घालणेंही नाहीं.

मातीवांचून झाड वाढविण्याची कल्पना जुनीच आहे. जर्मनींत सॅक्स व क्नॉप यांनीं १८६० च्या सुमारास क्षार विरघळविलेल्या पाण्यांत झाडें वाढवून दाखविलीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक यांनीं पुढें ती रीत पिकांस लावली, व १९३७ त तिचें 'हायड्रोपोनिक्स' हें नांव प्रसिद्ध केलें.

समईंत तेल वातीनें जसें चढतें, तसेंच येथें पाणी चढावयाचें आहे. पांच लिटरांचा, झांकणाचा व उजेड आरपार न जाणारा पसरट डबा घ्यावा. उंच बादली नको. वात वीतभराहून वर पाणी नीट चढवीत नाहीं. झांकणास भोंक पाडून त्यांत कुंडी अडकवावी. कुंडींत कोकोपीट दोन भाग व पर्लाइट एक भाग भरावें. कोकोपीट मात्र आधीं दोन-तीन पाण्यांनीं धुवावें, कारण त्यांत मीठ असतें. करंगळीएवढी नायलॉनची दोरी कुंडीच्या मध्यापासून डब्याच्या तळापर्यंत सोडावी. आम्हीं प्रथम सुती वात घातली होती; ती दोन महिन्यांत कुजली. वात व कोकोपीट दोन्ही लावणीपूर्वीं भिजवून घ्यावीं; कोरडी वात पाणी ओढीत नाहीं. डबा भरल्यावरही पाणी कुंडीच्या तळाखालीं दोन बोटें राहिलें पाहिजे. मुळांस हवा मिळते ती त्याच जागेंतून.

आतां खताविषयीं. ठिबकसाठीं आणलेलें १९:१९:१९ घरांत असतेंच, तेंच ढवळावें असा मोह होतो. तो टाळावा. त्यांतील निम्म्याहून अधिक नत्र युरियाचें असतें, आणि मातींतील जीवाणूंवांचून त्याचें झाडास चटकन उपयोगी रूप होत नाहीं. दहा लिटर पाण्यास कॅल्शियम नायट्रेट ५ ग्रॅम, १३:०:४५ हें ३ ग्रॅम, ०:५२:३४ हें १ ग्रॅम व मॅग्नेशियम सल्फेट अडीच ग्रॅम घ्यावें. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यें पाकिटावरील प्रमाणांत घालावींत. कॅल्शियम नायट्रेट निराळ्या तांब्यांत विरघळवून सर्वांच्या शेवटीं मिसळावें. दाट द्रावणें एकत्र केलीं तर चुन्यासारखा सांका बसतो व अन्न फुकट जातें. पाण्याचा सामू साडेपांच ते साडेसहा असावा. देशावरील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें, त्यानें सामू चढून कोंवळीं पानें पिवळीं पडतात; पावसाचें साठविलेलें पाणी उत्तम. शुद्धीकरण यंत्रांतून बाहेर टाकलेलें पाणी मात्र कदापि वापरूं नये, त्यांत क्षार एकवटलेले असतात.

नीरा व प्रवरा यांच्या कालव्यांखालील कांहीं जमिनी कशा खारावल्या, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. खालचें पाणी वर चढतें, उडून जातें आणि क्षार मागें ठेवतें. तोच प्रकार या कुंडींत लहान प्रमाणावर घडतो. म्हणून एक भरणी खताच्या पाण्याची व दुसरी साध्या पाण्याची करावी, आणि महिन्यांतून एकदां कुंडी उचलून मोरींत वरून दोन-तीन तांबे साधें पाणी ओतून निचरूं द्यावें. पांढरी बुरशी म्हणून लोक जें खरवडून काढतात तें पुष्कळदां मीठच असतें.

काचेची बरणी दिसावयास सुंदर, पण उजेडानें तींत शेवाळ माजतें. याहून मोठी गोष्ट डासांची. डेंग्यूचा डास अशाच घरांतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यांत अंडीं घालतो. तेव्हां झांकण व कुंडी यांमधील फट कापडानें बुजवावी. ही एक गोष्ट करावयाची नसेल, तर हा खटाटोप मुळींच करूं नये.

मनी प्लांट, सिंगोनियम व पीस लिली यांस ही रीत मानवते. निवडुंगाच्या जातींस सततची ओल सोसत नाहीं. मातींतील झाड लावावयाचें असल्यास मुळांवरील माती पूर्ण धुवावी. त्यापेक्षां मनी प्लांटचें पेराचें कलम पाण्यांत मुळावून लावणें सोपें. गांवीं जाण्यापूर्वीं आठवडाभर आधीं डबा भरून पाणी रोज किती उतरतें तें पट्टीनें मोजावें, म्हणजे किती दिवसांची बेगमी आहे हें निघण्याआधींच कळेल.