ग्राहकाचे बोल आणि व्यापाऱ्याचे पत्र

व्यापारी पत्राचा मायना कसा असावा, मजकुराची मांडणी कशी करावी, शेवट कसा करावा, हे सारे वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत दिलेले असते आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. परंतु पत्रात लिहायचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा ग्राहकाच्या बोलण्यात अधिक सापडते. या कॉलेजातून बाहेर पडल्यावर सुरतेच्या एका कापड पेढीवर पत्रव्यवहाराचे काम करताना मला जे दिसले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

आज व्यापारी पत्र म्हणजे मुख्यतः ई-मेल. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र पाठवले. पुढे सातच वर्षांत, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना जाहिरातीचे एकच पत्र धाडले. त्यातून विक्री झाली, पण न मागता आलेल्या पत्राबद्दल नाराजीही बरीच उमटली. म्हणजे पत्र स्वस्तात पोचते, पण ते हवेसे वाटेलच असे नाही, हा धडा अगदी आरंभीच मिळाला होता.

आपल्या भागातील एक उदाहरण या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, परंतु लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला. अशा शेतकऱ्यापुढे लोखंडाच्या मजबुतीची कितीही स्तुती केली तरी व्यर्थच! त्याच्या मनात शंका होती ती जमिनीबद्दल. तिचे निरसन झाल्याशिवाय तो नांगराला हात लावणार नव्हता. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याचे पत्रक म्हणून निघालेल्या या अंकाचे पुढे नामवंत मासिक झाले. मालाची माहिती द्यायची तर आधी वाचकाशी नाते जोडले पाहिजे, हे त्यावरून कळते.

आता सुरतेकडे वळू. मी राहतो ते नवागाम डिंडोलीला लागून आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली हजारो कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. गल्लीत अहिराणी कानी पडते आणि महापालिकेच्या मराठी शाळाही शहरात आहेत. पुरुष मंडळी यंत्रमागावर, रंगाईच्या गिरणीत किंवा रिंग रोडच्या कापड बाजारात कामाला जातात. अनेक घरांत बायका साड्यांचे धागे कापणे, लेस लावणे, टिकल्या चिकटवणे अशी कामे नगावर करतात. पेढीवरून गेलेली साडी परत आली की तिचे जाण्यायेण्याचे भाडे पेढीला पडते. परतीचा माल वाढला की पुढचे काम कमी निघते, आणि त्याची झळ अखेर या घरांना लागते. म्हणूनच पत्रातील एका चुकीच्या शब्दाला येथे किंमत आहे.

पेढीची जुनी पत्रे बहुतेक एकाच साच्याची असत: 'नवीन कलेक्शन, भव्य सवलत, त्वरा करा.' खानदेशातील दुकानदार, सोलापूरचे व्यापारी, बेळगाव-हुबळीकडील घरगुती विक्री करणाऱ्या भगिनी, सर्वांना तेच पत्र. उत्तर क्वचितच येई. याउलट, तक्रारी मात्र रोज येत. फोनवर, परतीच्या चिठ्ठीवर, मेलच्या उत्तरात. त्या ऐकून सोडून देण्याऐवजी एका वहीत उतरवण्याची पद्धत आम्ही सुरू केली. नियम एकच: ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. 'रंगाबाबत तक्रार' असे लिहिले तर काहीच हाती लागत नाही. 'फोटोत मोरपंखी होती, हातात निळी आली' असे लिहिले तर पुढच्या पत्राचा अर्धा मजकूर तयार होतो.

प्रश्न विचारण्यातही फरक असतो. 'साडी आवडली का?' या प्रश्नाला लोक सौजन्याने 'हो' म्हणतात आणि विषय संपतो. 'घेण्याआधी कशाची शंका वाटली?', 'घरी दाखवली तेव्हा कोण काय म्हणाले?' असे विचारले म्हणजे खरी माहिती मिळते. शिवाय जे बोलतात ते एकतर फार खूश असतात किंवा फार रागावलेले. मधला मोठा वर्ग गप्प असतो. त्यांपैकी काहींना मुद्दाम फोन करून विचारावे लागते.

वही भरली की तिच्यातील नोंदींचे तीन भाग पाडावेत. पहिला भाग मालाच्या दोषांचा. 'धुतल्यावर काठ आखडतो' ही तक्रार पत्राने सुटणारी नाही. ती कारखान्यात गेली पाहिजे. दोष तसाच ठेवून पत्र गोड करणे म्हणजे परतीचा माल वाढवणे होय. दुसरा भाग गैरसमजांचा. 'ब्लाउज पीस वेगळा येतो की साडीतच?' असे पाच जणींनी विचारले, तर ते उत्तर पत्रात पहिल्या दोन ओळींत यावे. तिसरा भाग पसंतीचा. 'दिवसभर नेसली तरी चुरगळली नाही' हे एका शिक्षिकेचे वाक्य, तिच्या परवानगीने छापले, तर आपल्या दहा विशेषणांहून अधिक काम करते.

मोरपंखी रंगाचेच पाहा. फोटो दिव्याखाली काढले जात, ते दिवसाउजेडी काढण्यात आले. त्यानंतरच्या पत्राच्या विषयाच्या ओळीत 'भव्य सवलत' नव्हती. 'मोरपंखी साडी: दिवसाउजेडी काढलेला फोटो' एवढेच होते. आत लिहिले होते, 'प्रत्यक्षात रंग किंचित गडद दिसेल.' उणे आपणच सांगितल्यामुळे विश्वास वाढला आणि लोक उत्तरे लिहू लागले.

भाषेचा मुद्दा आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. आपल्या भागातील एका दुकानदाराने कळवले की त्याची निम्मी गिऱ्हाइके कन्नड बोलणारी आहेत. आपण ज्याला काठ म्हणतो त्याला त्या 'अंचु' म्हणतात, पदराला 'सेरगु'. सुरतेचे 'बॉर्डर' आणि 'पल्लू' समजतात सर्वांना, पण आपुलकी वाटते ती घरातल्या शब्दाची. तेव्हापासून त्या बाजूची पत्रे दोन्ही भाषांत जातात.

लिहिलेले पत्र बरे की वाईट, हे आपल्या आवडीवरून ठरवू नये. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ च्या 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' या पुस्तकात कूपनांवर खुणा घालून कोणती जाहिरात चालली हे मोजण्याची रीत सांगितली आहे. आज तेच काम सोपे झाले आहे. यादीचे दोन भाग करावेत, दोन्ही पत्रांत एकच गोष्ट वेगळी ठेवावी आणि फळ पाहावे. मात्र किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर भिस्त ठेवू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये वाचकाने न उघडताही पत्र उघडल्याची नोंद होऊ शकते. मागण्या किती आल्या, उत्तरे किती आली आणि माल किती परत आला, हे तीन आकडे खरे.

शेवटी एक सावधगिरी. अभिप्राय देणारा ग्राहक आपल्यावर विश्वास टाकतो. त्याचे नाव-पत्ता संमतीशिवाय वापरणे योग्य नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. जीमेल व याहू यांनीही फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर जाहिरातीची पत्रे पाठवणाऱ्यांना नियम घातले: यादीतून नाव काढण्याची सोय सुलभ हवी आणि नकोशा पत्राच्या तक्रारी हजारी तीनच्या खाली राहिल्या पाहिजेत.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या व्यापारी पेढीवर बसतील, काही स्वतःचा उद्योग काढतील. पत्र लिहायला घेण्यापूर्वी त्या आठवड्यातील पाच तक्रारी वाचाव्यात, इतकेच सांगणे आहे. ग्राहक राजा आहे, अशी पाटी दुकानोदुकानी दिसते. पण राजाचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही, तर त्या पाटीला अर्थ काय?