तोतया टर्मिनल

मनुष्य एकटा असतां एका प्रकारें वागतो व चारचौघांत दुसऱ्या प्रकारें वागतो, हा अनुभव सर्वांस आहे. संगणकावरील प्रोग्रामही असेच वागतात, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. समोर मनुष्य बसला आहे असें वाटल्यास प्रोग्राम आपली प्रत्येक ओळ तयार होतांच दाखवितो. समोर कोणी नाहीं असें वाटल्यास कांहीं हजार बाइट सांठेपर्यंत तो तोंडच उघडीत नाहीं. मग एका प्रोग्रामास दुसऱ्याशीं बोलावयाचें असेल तर काय करावें? या प्रश्नाचें उत्तर म्हणजे स्यूडो-टर्मिनल होय. त्यास आम्ही येथें ‘तोतया टर्मिनल’ म्हणूं.

नांदेड येथें १९८१ सालीं श्री गुरु गोबिंद सिंहजी यांच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था निघाली, व १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. लातूर जिल्हाही त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रांत येतो. तेव्हां आमच्या भागांतून संगणकाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांस हा विषय दूरचा वाटूं नये.

प्रथम टर्मिनल म्हणजे काय तें पाहूं. भारतांतील तारेची सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. परंतु तारेच्या कुळांतील एका यंत्राचें नांव संगणकांत अद्याप नांदत आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं युनिक्सचा आरंभ झाला, त्या काळीं संगणकाशीं बोलण्यासाठीं टेलिटाइप नांवाचें यंत्र वापरीत. इकडून कळा दाबाव्या आणि उत्तर कागदावर छापून यावें, अशी त्याची रीत होती. ‘टीटीवाय’ हें संक्षिप्त नांव त्यावरूनच पडलें. यंत्र गेलें, पण त्याचे शिरस्ते राहिले. चुकलेलें अक्षर खोडणें, कंट्रोल व सी या कळा दाबतांच चालू काम थांबविणें, परवलीचा शब्द टाइप होत असतां पडद्यावर न उमटविणें, हीं सर्व कामें टर्मिनलच्या व्यवस्थेंतच होतात.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. तो लोकांस फसविण्यासाठीं उभा राहिला. आमचा हा तोतया खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच उभा करते. त्यास दोन टोंकें असतात. एका टोंकास जोडलेल्या प्रोग्रामास आपण खऱ्या टर्मिनलशींच बोलत आहों असें वाटतें; दुसरें टोंक आपल्या पायथनच्या प्रोग्रामाच्या हातीं असतें. प्रोग्रामानें ‘समोर टर्मिनल आहे काय?’ असें विचारलें तर उत्तर ‘आहे’ असेंच मिळतें.

उदाहरणार्थ, शाळेचें निकालपत्रक करणारा एक जुना प्रोग्राम प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव विचारतो असें समजा. त्यास साध्या पाइपनें जोडलें तर त्याचा प्रश्न त्याच्याच सांठ्यांत अडकून राहतो. आपला प्रोग्राम प्रश्नाची वाट पाहतो, तो उत्तराची वाट पाहतो, आणि दोघेही स्वस्थ बसून राहतात. तोतया टर्मिनल मध्यें घातलें कीं प्रश्न तत्काळ येतो व उत्तर देतां येतें. याच युक्तीवर डॉन लिबस यांचें ‘एक्स्पेक्ट’ हें साधन १९९० सालीं पुढें आलें. पायथनमधील ‘पीएक्स्पेक्ट’ त्याच मार्गानें चालतें.

येथवर सर्व सोपें आहे. खरी अडचण आहे ती निरनिराळ्या सिस्टिमांची. नांव एक असलें तरी वागणूक एक नसते. प्रोग्राम संपून त्याचें टोंक बंद झालें म्हणजे मॅकओएसवर वाचणाऱ्यास नुसतें रिकामें वाचन मिळतें; लिनक्सवर त्याच प्रसंगीं पांच क्रमांकाची त्रुटि येते. मॅकवर लिहिलेला प्रोग्राम या त्रुटीस तयार नसेल तर लिनक्सवर तो अगदीं शेवटच्या क्षणीं कोसळतो, आणि जमविलेली सारी यादी फाइलींत उतरण्यापूर्वींच नाहींशी होते. विंडोजची गोष्ट आणखी निराळी आहे. पायथनचें ‘पीटीवाय’ मॉड्यूल तेथें चालतच नाहीं. विंडोजनें २०१८ सालीं ‘कॉनपीटीवाय’ नांवाची स्वतःची व्यवस्था आणली. पायथनमधून ती वापरण्यास ‘पायविनपीटीवाय’ हें निराळें पॅकेज घ्यावें लागतें. त्यांतही प्रोग्रामाचें लिखाण जसेंच्या तसें पोंचत नाहीं. मध्यें एक पडदा कल्पून त्यावर काय दिसेल तें खुणांसह कळविलें जातें. सारांश, नांदेडास लिनक्सवर लिहिलेला प्रोग्राम लातुरास विंडोजवर नेला तर तो चालेलच अशी खात्री धरूं नये.

मराठी लिहिणारांनीं आणखी एका गोष्टीस जपलें पाहिजे. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार हींही निराळीं चिन्हेंच होत. ‘लातूर’ या शब्दास पांच चिन्हांचे १५ बाइट, तर ‘नांदेड’ यास सहा चिन्हांचे १८ बाइट होतात. आतां पायथनचें तें मॉड्यूल एका वेळीं जास्तींत जास्त १०२४ बाइट वाचतें. सलग देवनागरी मजकूर असेल तर ३४१ चिन्हें पुरीं होतात व पुढच्या चिन्हाचा एकच बाइट हातीं येतो. त्या तुकड्याचें तेथल्या तेथें अक्षर करूं गेल्यास कोणा मुलाच्या नांवाचा मधलाच भाग नासतो. इंग्रजी अक्षरास एकच बाइट लागत असल्यामुळें हा दोष इंग्रजींतील चांचणींत दिसतही नाहीं. यास उपाय सोपा आहे. अपुरे राहिलेले बाइट पुढच्या वाचनापर्यंत राखून ठेवणारा ‘इन्क्रिमेंटल डिकोडर’ पायथनमध्यें आयता आहे, तोच वापरावा.

शिवाय लिनक्स व मॅकवर सामान्य स्थितींत दोन गोष्टी घडतात, त्या ध्यानांत असाव्या. आपण पाठविलेलें उत्तर प्रतिध्वनीप्रमाणें आपल्याकडेच परत येतें. त्यास प्रोग्रामाचें बोलणें समजूं नये. आणि प्रत्येक ओळीच्या अखेरीस एका चिन्हाऐवजीं दोन चिन्हें येतात. तीं ओळखून काढून टाकावीं.

शेवटीं आमची सूचना इतकीच. साध्या पाइपनें काम होत असेल तर तोतयास बोलावूं नये. बोलावलेंच तर परवलीचे शब्द प्रोग्रामांत लिहून ठेवूं नयेत. आणि ज्या ज्या सिस्टिमवर आपला प्रोग्राम चालावयाचा, त्या प्रत्येकीवर मराठी नांवें घालून तो स्वतः चालवून पाहावा. निकालपत्रकांत ज्याचें नांव नासतें वा गळतें, त्यास ‘आमच्या यंत्रावर ठीक चालत होतें’ या उत्तरानें समाधान होत नाहीं.