कोशिकांगे : व्यवहारातील साधर्म्ये

कोशिकेत (पेशीत) आढळणाऱ्या, विशिष्ट रचना व कार्य असलेल्या घटकांना ‘कोशिकांगे’ म्हणतात. ती साध्या डोळ्यांना दिसत नाहीत व पुष्कळांचे बारकावे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेच कळतात. त्यामुळे ती समजावून देताना परिचित वस्तूंशी असलेल्या साधर्म्याचा आधार घेण्याची प्रथा आहे. कोशिकेचे नावही अशाच साधर्म्यातून आले. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांसाठी ‘लहान खोली’ या अर्थाचा शब्द वापरला. परंतु त्यांना दिसल्या त्या मृत कोशिकांच्या रिकाम्या भिंती होत्या. साधर्म्य आकलनास साहाय्य करते तसेच दिशाभूलही करू शकते. म्हणून ते कोठवर लागू पडते हे पाहणे आवश्यक असते.

केंद्रक : केंद्रकाला कोशिकेचा मुख्याधिकारी म्हणण्यापेक्षा तलाठ्याच्या दप्तराची उपमा अधिक योग्य होय. दप्तरातील मूळ नोंद जागेवरच राहते व मागणाऱ्यास सातबाऱ्याचा उतारा मिळतो. त्याचप्रमाणे डीएनए केंद्रकातच राहते व त्यातील आवश्यक भागाची आरएनए-रूपी नक्कल बाहेर पडते. तिच्यानुसार रिबोसोमांवर प्रथिने तयार होतात. कोणती नोंद केव्हा वाचली जावी, हे केंद्रकाबाहेरून येणाऱ्या संकेतांवरही अवलंबून असते. मानवाच्या तांबड्या रक्तकोशिका तर केंद्रक गमावल्यानंतरही सु. १२० दिवस कार्य करतात.

आंतर्द्रव्यजालिका व गॉल्जी पिंड : आंतर्द्रव्यजालिकेच्या पृष्ठावरील रिबोसोमांवर तयार झालेली प्रथिने गॉल्जी पिंडात येतात. तेथे त्यांच्यावर संस्कार होऊन ती योग्य स्थळी रवाना होतात. म्हणून या पिंडाची तुलना टपालाची छाननी करणाऱ्या कचेरीशी करतात. येथे पत्ता म्हणजे रेणूला जोडलेला रासायनिक गट होय. लयकारिकांकडे जाणाऱ्या बहुतेक एंझाइमांवर मॅनोज-६-फॉस्फेट हा गट असतो. आय-कोशिका रोग या आनुवंशिक विकारात तो जोडणारे एंझाइम सदोष असते. पचनाची एंझाइमे तयार होतात, पण पत्त्याअभावी कोशिकेबाहेर टाकली जातात. लयकारिकांत न पचलेले पदार्थ साचतात आणि रोगी बहुधा बालपणीच दगावतो. माल उत्तम असूनही पत्ता चुकल्याने काय अनर्थ होतो, हे या साधर्म्यामुळे चटकन उमगते.

लयकारिका : लयकारिकांचा शोध क्रिस्त्यां द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लावला. कोशिका मरताना या पिशव्या फुटून तिला पचवतात, या कल्पनेने त्यांना ‘आत्मघाती पिशव्या’ हे नाव मिळाले. परंतु नियोजित कोशिकामृत्यू मुख्यत्वे अन्य एंझाइमांमुळे घडतो, असे पुढे आढळले. शिवाय लयकारिकेतील एंझाइमे अम्लीय माध्यमात कार्यक्षम असल्याने थोडी बाहेर झिरपली तरी त्यांचा प्रभाव मंदावतो. तांब्यापितळेची मोड वितळवून नवी भांडी घडवणाऱ्या कारखान्यात मोड वितळवण्याचे जे काम चालते, त्याच्याशी लयकारिकेचे साम्य अधिक आहे. जीर्ण कोशिकांगे लयकारिकांत विघटित होतात व त्यांतील घटक पुन्हा उपयोगात येतात. या स्वभक्षण-क्रियेच्या यंत्रणेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तंतुकणिका : तंतुकणिकांना ‘कोशिकेचे वीजघर’ म्हणतात. चुलीत लाकूड जळते तसे अन्न येथे एकदम जळत नाही. ऊर्जा टप्प्याटप्प्याने मुक्त होते. तिच्या योगे आंतरपटलाच्या एका बाजूस प्रोटॉन साठतात व ते विशिष्ट मार्गाने परतताना एटीपी हा ऊर्जावाहक रेणू तयार होतो. धरणातील साठा चक्रीवर सोडून वीज निर्माण करावी, तसा हा प्रकार आहे. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या या उपपत्तीला १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. मात्र वीजघर स्थिर असते. तंतुकणिका विभागतात, एकमेकींत मिसळतात व त्यांना स्वतःचे डीएनएही असते. त्यांची उत्पत्ती प्राचीन काळी दुसऱ्या कोशिकेत वस्तीस आलेल्या जीवाणूपासून झाली, असे मानले जाते. हा पूर्वेतिहास वीजघराच्या उपमेत कोठेच येत नाही.

साधर्म्यांची मर्यादा : कारखान्यात मालक, कारकून व कामगार असतात, कोशिकेत हेतू बाळगणारा कोणीही नसतो. तेथील शिस्त रेणूंचे आकार, त्यांवरील विद्युत् भार व त्यांची अविरत हालचाल यांतून निर्माण होते. शिवाय कोणताही कारखाना स्वतःची सर्व यंत्रसामग्री दुप्पट करून दोन कारखान्यांत विभागला जात नाही; कोशिका मात्र तसे करते. म्हणून साधर्म्य हे कोशिकांगाचे वर्णन नसून त्याच्या अभ्यासाची पहिली पायरी होय. ते जेथे अपुरे पडते, तेथूनच सजीवाचे वैशिष्ट्य कळू लागते.